पंच क्रमांक दोनची बदली होत नाही

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्र
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नांदेड परिक्षेत्र

विषय : वाळू, राख, पवनचक्की आणि पंचनाम्यावर सही करणारा माणूस

महोदय,

‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं लिहायला हात आपोआप वळला होता. एकतीस वर्षांची सवय आहे. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून सुटलो, आणि त्यातली बरीचशी वर्षं गोदाकाठच्या सज्जांवर गेली. निवृत्त माणसाला ना कारणे दाखवा नोटीस येते, ना त्याचा गोपनीय अहवाल बिघडतो. तेव्हा सरळच लिहितो.

मला टोळ्यांबद्दल बोलायचं आहे, पण म्होरक्यांबद्दल नाही. त्यांच्याबद्दल टीव्हीवर बोललं जातं, विधानसभेत बोललं जातं, मोर्चे निघतात. मला बोलायचंय ते रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात ज्याची सही घेतली जाते त्या माणसाबद्दल. कागदावर त्याचं नाव ‘पंच क्र. २’.

आधी दोन तारखा. ६ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगात पवनचक्कीच्या कंपनीच्या जागेवर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली आणि गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचं अपहरण झालं आणि हाल हाल करून त्यांना मारलं. मुळाशी खंडणी होती असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा लागला आहे, खटला न्यायालयात आहे. कोण दोषी हे ठरवणं माझं काम नाही. मी आपलं कॅलेंडर काढून बघितलं. ६ तारखेला शुक्रवार होता, ९ ला सोमवार. मध्ये आले शनिवार-रविवार. आपल्या कार्यालयीन भाषेत सांगायचं तर त्या दोन घटनांच्या मध्ये कामाचा एकही दिवस नव्हता.

आता हे बघा. साक्षीदार संरक्षणाची जी योजना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली, तिच्यात साक्षीदारानं अर्ज करायचा, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवायचा, आणि उपविभागाच्या पोलीस अधिकाऱ्यानं तो पाच कामाच्या दिवसांत द्यायचा, अशी रीत आहे. तातडीचं संरक्षण देण्याची सोयही त्यात आहे, नाही असं नाही. पण ती सोय आहे हे ठाणे अंमलदाराला माहीत असलं पाहिजे, आणि मार खाल्लेला माणूस ठाण्यात आला की ‘हा उद्या साक्षीदार होणार आहे’ हे त्याच्या डोक्यात आलं पाहिजे. आपल्याकडं त्याला ‘मिटवून घ्या की’ असं सांगतात.

पहिला मार वॉचमनला बसला होता, हे विसरू नका. टोळी एकदम सरपंचावर जात नाही. आधी गेटवरचा रखवालदार, मग पंच, मग कोतवाल, मग तलाठी. प्रत्येक पायरीवर काही होत नाही असं दिसलं की ती वरची पायरी चढते.

माझ्या पायरीचं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही. हिवाळ्यातली रात्र होती. पात्रात केनी, म्हणजे वाळू ओढायचं अवजार, लावून वाळू काढणं चालू होतं, काठावर तीन ट्रॅक्टर उभे. आम्ही चौघं होतो : नायब तहसीलदार, मी, कोतवाल आणि ड्रायव्हर. तहसीलमधून गाडी निघाल्यावर चौकातल्या टपरीवरचा पोरगा फोन कानाला लावून उभा राहिला, हे मी आरशात पाहिलं होतं. याला आमच्याकडं ‘लोकेशन’ म्हणतात. साहेबाच्या गाडीचं लोकेशन द्यायचं, रात्रीचे पैसे घ्यायचे. नोकरी नसलेल्या पोराला हे काम सोपं. बसल्या जागी चहा पीत करता येतं. त्या दिवशी आम्ही रस्ता बदलून शेतातून गेलो म्हणून तिघातला एक ट्रॅक्टर सापडला. बाकीचे दोन लाइट बंद करून पळाले.

आता पंच पाहिजेत दोन. पहिला कसाबसा मिळाला, दारू प्यालेला होता, त्याला सकाळी काही आठवलं नसावं. दुसऱ्यासाठी कोतवालानं चार दारं वाजवली. तीन उघडलीच नाहीत. चौथं उघडलं ते एका म्हाताऱ्याचं. नदीकाठी त्याची सव्वा एकर जमीन, पात्रात मोटार. उपसा असाच चालला तर पुढच्या साली मोटारीला पाणी लागणार नाही हे त्याला कळत होतं. कानटोपी घालून आला, बॅटरी धरली, वाळू किती ते मोजताना टेपचं एक टोक त्यानंच धरलं. ब्रासला शंभर घनफूट, ते गणित त्याला माझ्यापेक्षा लवकर आलं. मग त्यानं सही केली. अंगठा नाही, सही. सातवी पास होता, त्याचा त्याला अभिमान होता.

यापुढची चूक माझी आहे. पंचनाम्याची प्रत मी सकाळी तहसीलमध्ये टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली. सगळे तिथंच ठेवतात. दुपारपर्यंत तिचा फोटो जिथं पोहोचायचा तिथं पोहोचला होता. आठ दिवसांत म्हाताऱ्याच्या मोटारीचा पाइप तीन ठिकाणी कापला. तो ठाण्यात गेला, तेव्हा अज्ञात इसमाविरुद्ध अदखलपात्र नोंद झाली. नंतर एक दिवस त्याच्या नातवाला शाळेच्या रस्त्यावर मोटारसायकल आडवी लावून कुणीतरी फक्त नाव विचारलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. नाव विचारलं आणि गेले.

तीन वर्षांनी साक्षीला उभा राहिला तेव्हा म्हातारा म्हणाला, कोऱ्या कागदावर सही घेतली, मला काही माहीत नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. बाहेर चिंचेखाली मी बसलो होतो. तो जवळ आला, राम राम घातला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, राग मानू नका. तुमची बदली होते. माझी होत नाही.”

महोदय, तेव्हापासून ‘साक्षीदार फितूर झाल्यामुळे’ हे शब्द मी कुठल्याच अहवालात लिहिले नाहीत. फितूर आम्ही झालो होतो.

आता कायद्याचं बोलू, कारण कायदा तुमच्या हातात आहे. मकोका १९९९ चा. मुंबईतल्या टोळ्यांसाठी आला, पण त्यात मुंबई असं कुठं लिहिलेलं नाही. दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं असली, तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांची, आणि न्यायालयानं त्यांची दखल घेतलेली असली, की तो लावता येतो. पूर्वपरवानगी उपमहानिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी देऊ शकत नाही, म्हणजे ती फाइल तुमच्याच टेबलावर येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १११ आलं, त्यातही संघटित गुन्हेगारी आहे आणि दहा वर्षांतल्या दोषारोपपत्रांची तीच अट आहे.

वाळूचोरी ही साधी चोरी म्हणून नोंदली जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे मकोकाच्या हिशोबात ती बसते. पण २०१८ च्या साक्षीदार योजनेत ‘गुन्हा’ कशाला म्हणायचं? फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि पुढची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला, आणि स्त्रियांविरुद्धच्या काही कलमांना. तीन वर्षांची चोरी त्यात येत नाही. ज्या चोरीच्या पायऱ्यांवरून टोळी वर चढते, त्या चोरीच्या साक्षीदाराला ढाल नाही. खंडणीला आता सात वर्षांपर्यंत शिक्षा केली आहे, तेव्हा खंडणीची तक्रार देणारा तरी त्या योजनेत बसतो. माझा म्हातारा बसत नाही. मकोका लागल्यावर मात्र कलम १९ खाली साक्षीदाराचं नाव-गाव गुप्त ठेवता येतं, बंद दाराआड साक्ष घेता येते. पण मकोका लागतो कधी? आमच्या भागात बहुतेक वेळा प्रेत पडल्यावर.

आणि प्रेत पडल्यावरच सगळं सापडतं. मागचे गुन्हे, बेनामी गाड्या, फोन, जमिनी, परवाने. बीडमध्ये शस्त्रपरवान्यांची छाननी झाली, कित्येक रद्द झाले; चांगलं झालं. लग्नाच्या वरातीत आणि मोबाइलच्या रीलमध्ये जी पिस्तुलं वर्षानुवर्षं दिसत होती ती एका हत्येनंतर एकदम सरकारला दिसायला लागली, एवढंच. पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढलं, फक्त नाव ठेवलं. हेतू चांगला आहे, मी हसणार नाही. पण आमच्याकडं ठाण्यात नवा फौजदार हजर होण्याआधी त्याचं आडनाव, गाव, मेव्हणा आणि मेव्हण्याचा पक्ष गावाला पाठ असतो.

थोडं पैशाचं. २०२३ मध्ये सरकारनं डेपो काढून सहाशे रुपये ब्रासनं वाळू द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये ते धोरण बदलून परत लिलावावर आलं. घरकुलवाल्याला पाच ब्रास मोफत असं कागदावर आहे. ज्यांनी घरकुलं बांधली त्यांना एकदा विचारा, कुणाकडून घेतली आणि कितीला. बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, पण तो भरतो कोण? ट्रॅक्टर एका गरीब पोराच्या नावावर, फायनान्सवर घेतलेला. जप्त झाला की हप्ता त्याचा थकतो, वसुलीवाले त्याच्या दारात. ज्याच्या जिवावर नदी उपसली जाते त्याच्या नावावर सातबारा सोडून काही नसतं, आणि कधीकधी तोही बायकोच्या नावावर. टोळीच्या वतीनं हिशोब न लागणारी मालमत्ता बाळगली तर मकोकाच्या कलम ४ मध्ये तीन ते दहा वर्षं आहेत. मी सज्जावर असताना एवढ्या फेरफार नोंदी घेतल्या. माझ्याकडं कुणी कधी विचारायला आलं नाही की भाऊसाहेब, पाच वर्षांत या माणसाच्या आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या नावावर किती एकर चढली? सगळं माझ्या दप्तरात होतं. अजूनही कुणाच्या तरी दप्तरात आहे.

त्या ट्रॅक्टरवरच्या पोरांचा मला राग येत नाही, हेही लिहून ठेवतो. आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात, पोरगं आजीपाशी वाढतं. बारावी झालं की भरतीची तयारी, मग दुसऱ्यांदा तयारी, मग लोकेशन. शेती करणाऱ्याला पोरगी मिळत नाही आणि दारात हायवा उभा असलेल्याला मिळते, हे आमच्या गावात प्रत्येक आई बघते आहे. दादा-भाऊंच्या बॅनरवर कोपऱ्यात आपला फोटो छापून आला की त्याला वाटतं आपण आता कुणीतरी झालो. त्या बॅनरवर किती फोटो आहेत आणि त्यातले किती पुढं आरोपी झाले, हा अभ्यास तुमच्या गुप्तवार्ता शाखेनं करायला हरकत नाही. फ्लेक्स छापणारा फुकटात देईल.

वाळूचंच मी जास्त बोलतो कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. पण साचा तोच आहे. परळीला औष्णिक केंद्राची राख, रस्त्यानं उडत जाणारी. पवनचक्क्या आणि सोलर आले तसं जमिनीचे करार, कुंपण, मुरूम, सिक्युरिटी, सगळी कामं ‘आमच्याच माणसाला’. गुटख्याला २०१२ पासून बंदी, आणि उदगीर-उमरग्याकडच्या कुठल्याही टपरीवर जाऊन बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं छत्रपती संभाजीनगरात अडीचशे कोटींच्या घरातले अमली पदार्थ पकडले, २०२५ मध्ये आई भवानीच्या तुळजापुरात ड्रग्जचं प्रकरण निघालं. नांदेडला ५ एप्रिल २०२२ ला एका बांधकाम व्यावसायिकाला घरासमोर गोळ्या घातल्या, त्यानंतर खंडणीचे फोन आलेली माणसं किती गप्प झाली ते नांदेडकरांना विचारा. माल वेगळा, नदी वेगळी, गप्प बसवण्याची रीत एक.

माझ्या मुलानं मला एक गोष्ट वाचून दाखवली होती. इटलीतल्या सिसिली बेटावर पालेर्मो नावाचं शहर आहे. तिथं लिबेरो ग्रासी नावाचा एक कपडे शिवणारा कारखानदार होता. माफियाला हप्ता द्यायला त्यानं नकार दिला आणि १० जानेवारी १९९१ ला वर्तमानपत्रात खंडणीखोराला उद्देशून खुलं पत्र छापलं. बाकीचे उद्योजक त्याच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. २९ ऑगस्टला सकाळी घराबाहेर त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर तिकडं खंडणीविरोधी कायदा आला, पुढं २००४ पासून हप्ता न देणाऱ्या दुकानदारांच्या पाठीशी तरुणांची चळवळ उभी राहिली आणि गिऱ्हाईक मुद्दाम त्यांच्याकडं जाऊ लागलं. मुलगा म्हणाला, बाबा, बघा, शेवटी जिंकलेच की. मी म्हटलं, अरे, पण पत्र लिहिणारा कुठाय?

म्हणून या पत्राखाली माझं नाव नाही. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा. माझीही सव्वादोन एकर आहे आणि त्यात एक मोटार आहे.

आता मागणं. फार नाही. वॉचमन, पंच, कोतवाल, ग्रामसेवक, तलाठी यांच्यापैकी कुणाला दम मिळाला आणि तो ठाण्यात आला, तर अदखलपात्र लिहून पाठवू नका. त्याच रात्री उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला फोन गेला पाहिजे, शनिवार असो की रविवार, आणि फोन गेल्याची वेळ स्टेशन डायरीत पाहिजे. वाळूच्या गुन्ह्यात ड्रायव्हरचं नाव टाकून फाइल बंद करू नका. गाडीच्या मागं कोण, त्याच्यावर आणि त्याच्या माणसांवर दहा वर्षांत किती दोषारोपपत्रं, हे पहिल्याच आठवड्यात काढायला सांगा. सगळं तुमच्या संगणकात आहे. पोलिसांच्या झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सक्तीचं केलं आहे. तेच महसूल पथकाच्या पंचनाम्यालाही करा, म्हणजे सगळा भार म्हाताऱ्याच्या सहीवर येणार नाही. आयुक्त साहेब, हे तुम्ही एका परिपत्रकानं करू शकता. आणि पंच शक्य तेवढे दुसऱ्या तालुक्यातले सरकारी कर्मचारी घ्या. त्यांचीही मोटार कुठंतरी असेल, पण निदान त्याच पात्रात नसेल.

साक्षीदार योजनेत तीन वर्षांच्या गुन्ह्यांना जागा नाही, ती टोळीच्या बाबतीत करावी, असा प्रस्ताव तुमच्या सहीनं गृह विभागाकडं जाऊ द्या. खालून गेलेले प्रस्ताव कुठं जातात ते मला माहीत आहे, मीच बरेच पाठवले होते.

राहिलं एक कलम. मकोकाचं चोविसावं. संघटित गुन्ह्याला मदत करणाऱ्या, किंवा या कायद्याखाली करायची कारवाई करायची टाळणाऱ्या लोकसेवकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आरोपींच्या यादीत ड्रायव्हर असतो, लोकेशनवाला असतो, क्वचित म्होरक्या असतो. ट्रेमधला कागद उचलून त्याचा फोटो काढणारा त्या यादीत मी कधी पाहिला नाही. तो बाहेरचा नव्हता. आमच्यातलाच होता, आमच्याबरोबर डबा खायचा. मला त्याचं नाव तेव्हाही माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. या कलमाची सुरुवात करायचीच असेल तर माझ्यापासून करा.

म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला. मी मातीला गेलो होतो. पात्रात त्याच्या मोटारीचा पाइप तसाच होता, तीन जागी रबरी ट्यूब गुंडाळून तारेनं आवळलेला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
गोदाकाठ

प्रत माहितीस्तव : कोणालाही नाही. मागच्या वेळी ट्रेमध्ये ठेवली होती.